अंबुजाक्षीचेच्चीचा नकाशा

अंबुजाक्षीचेच्चीशी पत्त्यावरून वाद घालू नये. हे मी पुळिमूटला आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकलो, आणि त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले. सोनं-चांदी गाळत गाळत कुठल्या कुठे जाऊन बसतो. मी बसलो तो मल्याळी मुलखात, ओणाट्टुकर भागातल्या या गावात. घरून आईचं पहिलं पत्र आलं, त्यावर माझ्या शहाण्या भावाने पत्ता घातला होता, 'दादा, सोन्याची भट्टी, पुळिमूट'. तेव्हा गावात भट्ट्या तीन, आणि तिघेही आमच्याच भागातले, तिघेही कुणाचे तरी दादा. खांद्याला पोस्टाची पिशवी लावलेली एक सडपातळ बाई सरळ माझ्या दारात आली आणि पत्र हातात ठेवून चालू लागली.

मी म्हटलं, "अहो, माझंच कशावरून? त्या दोघांना दाखवलंत का?"

"त्यांना कशाला दाखवू?" ती न थांबता म्हणाली. "रोज संध्याकाळी पोस्टाच्या पेटीकडे बघत उभे राहता ते तुम्ही. त्या दोघांना घरची आठवण येत नाही."

पत्र माझंच होतं. मी त्या दिवसापासून तिला चेच्ची म्हणू लागलो. वयाने ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, पण थोरल्या बहिणीचा मान तिने असा पहिल्या भेटीत वसूल केला आणि परत कधी दिला नाही.

इथे घराला नंबर असतो, पण तो पाटीवर गंजण्यापुरता. खरं चालतं ते घराचं नाव. आणि नावं तरी कशी, दक्षिणेकडचं म्हणून तेक्कत्तिल, उत्तरेकडचं म्हणून वडक्केतिल. कुणाच्या दक्षिणेला, ते ज्याचं त्याने ओळखायचं. एकट्या पुळिमूटमध्ये अकरा तेक्कत्तिल आहेत. चेच्चीने एकतीस वर्षं या अकरांचं टपाल वाटलं आणि एक पाकीट इकडचं तिकडे गेलं नाही. नवरा सुकुमारन आखातात एका छावणीत स्वयंपाकी. त्याची पत्रंही तिच्याच पिशवीत यायची. ती गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवायची, बाकी सगळं गाव वाटून झालं की स्वतःच्या अंगणात उभी राहून "पोस्ट!" अशी खणखणीत हाक मारायची, मग आत जाऊन, हातपाय धुऊन, पत्र घ्यायला बाहेर यायची. लोक हसत. मीही हसायचो. पण तिचं म्हणणं साफ होतं, की कामावर असताना स्वतःचं पत्र फोडलं तर ती चोरी.

तीन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली आणि महिनाभरात सगळ्या गावाला नकोशी झाली. सकाळी दहाला पाय आपोआप चालू लागायचे. हातात पत्र नाही, त्यामुळे दारोदार जाऊन ती लोकांना त्यांच्याच घरातल्या चुका सांगू लागली. शेवटी वाचनालयाचे सचिव उण्णिताण सार, गणिताचे निवृत्त मास्तर, यांनी तिला पकडून वाचनालयातल्या संगणकापुढे बसवलं. वाचनालयाची एक वेबसाइट होती. गावातली सगळी सार्वजनिक कामं तिच्यावरच चालायची. घरी पुस्तकं पोचवणाऱ्या बायकांचं पान, अंथरुणाला खिळलेल्या लोकांना दर आठवड्याला भेटायला जाणाऱ्या मंडळींचं पान, देवीच्या उत्सवाचं पान, पाण्याच्या टाक्यांचं पान. प्रत्येक पानावर एक नकाशा, आणि प्रत्येक नकाशा कुणीतरी वेगळ्याने, वेगळ्या दिवशी, बहुधा वेगळ्या तंद्रीत काढलेला. उत्सवाच्या पानावर माझी भट्टी देवळाच्या तळ्यात होती. चार वर्षं मी तळ्यात होतो आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

चेच्चीने पहिल्या दिवशी ते नकाशे पाहिले आणि तिचा पाराच चढला. "सार, हे काय गाव आहे? पुस्तकांच्या पानावर पूल आहे, आजाऱ्यांच्या पानावर पूल नाही. मग आजाऱ्यांकडे जाणारे काय पोहत जातात?"

"तुम्ही सुधारा ना मग," सार म्हणाले. त्यांना वाटलं, आठवडाभर गुंतेल.

ती गुंतली ती अशी, की सुधारायला बसली आणि तिसऱ्या दिवशी तिला कळलं, एक पूल सुधारायचा तर तो चार पानांवर चार वेळा सुधारावा लागतोय. मग तिने वेबसाइटच्या आतल्या बाजूला, जिथे पासवर्ड घालून शिरतात, एकेक खटका दाबून बघायला सुरुवात केली. पोस्टात असताना नवा फॉर्म आला की ती मागची बारीक छपाईसुद्धा वाचायची, तोच स्वभाव. तिथे एका कोपऱ्यात तिला 'नवा थर' असं काहीतरी सापडलं. घरांचा एक थर करायचा, वाटांचा एक, पुलांचा एक, विहिरींचा एक. प्रत्येकाला नाव द्यायचं, रंग द्यायचा, जपून ठेवायचा. मग कुठल्याही पानावर नकाशा टाकताना फक्त निवडायचं, या पानाला घरं आणि वाटा हव्यात, त्या पानाला विहिरी आणि पूल. थर एकच. तो एका जागी सुधारला, की जिथे जिथे वापरला असेल तिथे सगळीकडे आपोआप सुधारतो.

त्या दुपारी ती धावत माझ्या भट्टीवर आली. मी मुशीत सोनं ठेवलं होतं, मान वर करायची सोय नव्हती.

"सेठ, पीठ एकदाच आंबवायचं!"

"कसलं पीठ?"

"अहो, एकदा आंबवलं की त्याचेच डोसे, त्याच्याच इडल्या! आणि इथे हे लोक डोशाला वेगळं दळतायत, इडलीला वेगळं दळतायत, आणि सगळंच कच्चं!"

मला काडीचं समजलं नाही, पण तिचा चेहरा असा उजळला होता की मी म्हटलं, वा, फार छान.

पुढचे सात महिने ती फोन हातात घेऊन गावभर चालली. प्रत्येक घराच्या उंबऱ्यापाशी उभी राहायची, ठिपका टाकायची, नाव लिहायची. सहाशे बारा घरं. अकरा तेक्कत्तिलना तिने ओळखीची खूण जोडली, आंब्याचं तेक्कत्तिल, शिंप्याचं तेक्कत्तिल, भांडखोर तेक्कत्तिल. शेवटच्यावरून त्या घरात खरंच भांडण झालं, तेव्हा तिने ते बदलून 'विहिरीचं' केलं आणि एका खटक्यात सगळ्या पानांवर त्यांची अब्रू परत आली. माझी भट्टी तळ्याबाहेर काढली त्या दिवशी मी वाचनालयात सगळ्यांना केळ्याची भजी खाऊ घातली.

मी राहतो ते घर पडीट्टतिल. म्हणजे पुढचं मोठं घर कार्त्यायनीअम्मांचं, आणि मागच्या आवारातल्या दोन खोल्या माझ्या. अम्मांचं वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि चौदा महिने खाटेवर. मंगळवारी मंगळवारी आजाऱ्यांना भेटणारी मंडळी यायची, त्यांत चेच्चीही. घराच्या थरात प्रत्येक ठिपक्यामागे एक छोटा फॉर्म असतो. त्यात 'दर आठवड्याला भेट' अशी एक खूण आहे, ती केली की ते घर आजाऱ्यांच्या पानावर दिसतं. ते पान कुलूपबंद, भेटणाऱ्या मंडळींनाच उघडणारं. तिथे पडीट्टतिल चौदा महिने दिसत राहिलं.

खाटेवर पडल्या पडल्या अम्मा देवीला एकच गोष्ट सांगत. पैसा नको, वय नको, पण परा द्यायच्या दिवशी मला माझ्या पायावर उभं कर. उत्सवाच्या आधी देवीची जीवता, दोघांच्या खांद्यावरची ती छोटी पालखी, ढोलाच्या तालावर नाचत घराघरांत येते. दारात समई, केळीच्या पानावर शिगोशीग साळीने भरलेली परा, म्हणजे धान्याचं लाकडी माप, आणि घरची बाई हात जोडून उभी. साठ वर्षं अम्मा तशा उभ्या राहिल्या होत्या. मागच्या वर्षी खाटेवरून नुसता ढोल ऐकला. मी त्यांच्या वतीने परा दिली तेव्हा आतून त्यांचं रडणं ऐकू येत होतं, आणि मला माझ्या हातापायांची लाज वाटली होती.

यंदा पौषात अम्मा उठल्या. आधी चौकटीला धरून, मग चार पायांची काठी घेऊन. ज्या मंगळवारी त्यांनी भेटायला आलेल्या मंडळींना स्वतः चुलीपाशी उभं राहून चहा दिला, त्या दिवशी चेच्ची आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली. तिथेच ओसरीवर बसून तिने फोन काढला. "अम्मा, बघा हं, तुम्हाला आजाऱ्यांतून काढून टाकते!" असं म्हणून तिने खूण काढली, पडीट्टतिलचा ठिपका आजाऱ्यांच्या पानावरून गेला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, हे लक्षात ठेवा.

परा घ्यायची वाट आजवर एका कुट्टप्पन आशान नावाच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात असायची. तो जीवतेच्या पुढे चालायचा आणि बोटाने घर दाखवायचा. यंदा तो मुलीकडे बंगळूरला गेला. उत्सव समितीने ठरवलं, आता चेच्चीचा नकाशा आहे, वाट त्यावरूनच लावू. उण्णिताण सार फोन घेऊन पुढे चालणार. घर झालं की पडदा खाली ओढून नकाशा ताजा करायचा, पुढचा ठिपका बघायचा. गणिताचा माणूस. ठिपका आहे तर घर आहे, ठिपका नाही तर नाही.

आमच्या वाटेचा दिवस उजाडला. अम्मा पहाटेच न्हाऊन, जरीकाठी मुंडू नेसून, ओसरीवर काठी धरून उभ्या. मी परा भरली, वर नारळाचा मोहोर खोचला, समई लावली. साडेआठला ढोल गल्लीच्या तोंडाशी आला. अम्मांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.

ढोल मोरीपाशी वळला आणि पलीकडच्या गल्लीत गेला.

"त्या बाजूचं आधी उरकत असतील," अम्मा म्हणाल्या. "येईल."

ढोल आणखी लांब गेला. मी म्हटलं, "मी पळत जाऊन बोलावून आणतो."

"खबरदार!" त्यांनी मला असं दटावलं की मी जागच्या जागी थांबलो. "जीवता आल्या वाटेने मागे फिरत नाही. माझ्यासाठी देवीला उलटं चालवतोस? येईल म्हटलं ना." पण जोडलेले हात खाली घ्यायला त्या तयार नव्हत्या.

मी मागच्या अंगणात जाऊन चेच्चीला फोन लावला. ती पाच मिनिटांत स्कूटरवरून हजर. अंगणात उतरता उतरता फोन उघडला, उत्सवाचं पान काढलं, आणि जागीच बसली. आमच्या गल्लीत एका ठिपक्याची जागा रिकामी होती.

"घरच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सेठ, फॉर्मात दोन खुणा असतात. एक 'भेट' आणि तिच्या खाली 'दाखवा'. मला भेटीची काढायची होती. आनंदाच्या भरात मी खालची काढली." तिने कपाळावर हात मारला. "आजाऱ्यांच्या पानावरून ठिपका गेला, मला वाटलं काम झालं. पण तो सगळ्याच पानांवरून गेला! एकाच पिठात मीठ पडलं, सेठ. एकतीस वर्षांत एक पाकीट हरवलं नाही, आणि आज आख्खं घर हरवलं."

ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. उण्णिताण सारांना फोन लावला. ढोलाच्या गजरात कोण ऐकतंय. मग तिने खूण परत केली, ठिपका परत आला, आणि ती नकाशाकडे टक लावून बघत बसली. जीवता आता तिळाच्या शेतापलीकडच्या वडक्केतिलमध्ये होती. तिथून आमच्याकडे यायला एकच रस्ता, आणि तो तुडवून झालेला.

"वरंबा," ती एकदम म्हणाली.

"कुठला वरंबा?"

"वडक्केतिलच्या गोठ्यामागून तुमच्या मागच्या आवारात निघतो तो शेताचा बांध! पावसाळ्यात रस्ता बुडाला की मी पत्रं घेऊन तिकडूनच यायची. देवी आज त्यावरून चाललेली नाही. मागे फिरायचंच नाही, पुढेच यायचंय!"

"अगं, वरंब्यावर एक माणूस जेमतेम मावतो."

"जीवता उचलणारे दोघे एकामागे एक असतात की शेजारी शेजारी?"

एकामागे एकच असतात. तिने वाटांचा थर उघडला, बोटाने तिळाच्या शेतातून एक रेघ ओढली, तिला रंग दिला, जपून ठेवली. "मी अम्मांना सांगते. तुम्ही पळा, त्या टोकाला उभे राहा. तुम्ही दिसलात तर सारांचा नकाशावर विश्वास बसेल."

साठीच्या घरातला, पोट सुटलेला माणूस मी, मुंडू गुडघ्यावर बांधून तिळातून पळालो. वडक्केतिलच्या अंगणात पोचलो तेव्हा तिथली परा नुकतीच झाली होती आणि उण्णिताण सार पडदा खाली ओढत होते. ओढला, चष्मा वर केला, परत ओढला.

"हे पडीट्टतिल कुठून उगवलं? मघाशी नव्हतं!"

"होतं सार," मी धापा टाकत म्हटलं. "नकाशात नव्हतं, गावात होतं. अम्मा सकाळपासून उभ्या आहेत."

सारांचा चेहरा पडला. "पण आता मागे कसं..."

"मागे नाही. वाट बघा की." मी त्यांच्या फोनवर बोट ठेवलं. गोठ्यामागून एक ताजी निळी रेघ सरळ शेतात शिरली होती. आजूबाजूच्या चार जणांनी आपापले फोन काढले, सगळ्यांच्या पडद्यावर तीच रेघ.

जीवतेचा पुढचा खांदा देणारा पुजारी हे सगळं ऐकत होता. त्याने गोठ्याकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं आणि विचारलं, "पलीकडे कोण आहे?"

"कार्त्यायनीअम्मा."

"मग ढोल कशाला थांबलाय?" तो म्हणाला आणि वळला.

ती मिरवणूक मी जन्मात विसरणार नाही. तिळाला जांभळट पांढरी फुलं आलेली, आणि त्यातून एकेरी रांगेत पुढे उण्णिताण सार फोन छातीशी धरून, मागे देवीची जीवता डुलत, तिच्यामागे ढोलवाले, झांजवाले, शिंगवाला आणि त्यांच्यामागे साऱ्या वाटेवरची पोरंबाळं. एक जाडजूड ढोलवाला पाट ओलांडताना ढोलासकट आडवा झाला, आणि पडल्या पडल्या दोन ठोके वाजवूनच उठला, ताल सोडला नाही. लोक इतके हसले की शिंगवाल्याला शिंग फुंकता येईना.

इकडे चेच्चीने अम्मांना सांगितलं होतं, देवी मागून येतेय. अम्मा चिडतील अशी तिला भीती होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "मागून? चौदा महिने मी मागच्याच खिडकीतून हाका मारत होते, मग ती पुढून कशाला येईल!" असं म्हणून त्या निघाल्या. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागचा उंबरा. चेच्ची परा उचलून मागे धावली, समई शेजारणीने घेतली. मागच्या अंगणात पोचल्यावर चेच्चीच्या लक्षात आलं, काठी पुढे भिंतीलाच टेकलेली राहिली होती.

मी वरंब्यावरून पाहिलं तेव्हा अम्मा मागच्या अंगणात, हात जोडून, कशाचाही आधार न घेता उभ्या होत्या. जीवता त्यांच्यापुढे नाचली, वाकली, परत नाचली. ढोलवाल्यांनी ठरल्यापेक्षा दुप्पट वाजवलं, कुणी त्यांना थांबवलं नाही. मी सोनं गाळणारा माणूस, धगीपुढे आयुष्य गेलं, डोळ्यांतून पाणी येणं काही नवीन नाही. पण त्या दिवशीचं धुराचं नव्हतं.

परा झाली, जीवता पुढच्या घराकडे निघाली. तेव्हा चेच्ची अम्मांच्या पायांपाशी जाऊन बसली. ती हे लपवू शकली असती. कुणाला काही कळलं नसतं, सारांनी वाटेतच खापर मशीनवर फोडलं होतं.

"अम्मा, मशीन नाही चुकलं. मी चुकले. तुमचं घर मीच नकाशातून पुसलं. त्या मंगळवारी, आजाऱ्यांतून काढताना."

अम्मांनी, पडल्यापासून पहिल्यांदाच, स्वतःच्या पायांवर तोल सांभाळत खाली वाकून तिचा दंड धरला.

"ऊठ मोळे, ऊठ पोरी. माझ्या वयाला आजाऱ्यांतून घर पुसतात ते माणूस गेल्यावर. माझ्या जावेचं पुसलं, बहिणीचं पुसलं, सगळी रडत होती. माझं तू पुसलंस तेव्हा टाळ्या वाजत होत्या."

चेच्ची उठली. दोघीही एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि कोण कुणाला आधार देतंय ते मला काही सांगता आलं नसतं.